डाव्या पोटरीची नोंद

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फोडलंच नाहीस, तर मी स्वतःशीच बोलले असं होईल. चालेल. अकरा वर्षांत त्याची सवय झाली आहे.

तुझा पत्ता आईच्या वहीतून घेतला. महिन्यातून एकदा ती तुझ्याशी फोनवर बोलते. तिला वाटतं मला पत्ताच नाही. मी आपली भांडी घासायचं निमित्त करून आत जाते आणि नळ मोठा सोडून ठेवते, म्हणजे तिला मनासारखं बोलता यावं. परवा नळाच्या आवाजातूनही एक वाक्य ऐकू आलंच. "तिनं केला तर तू उचलशील का?" तू काय म्हणालास ते कळलं नाही. फोन करायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र.

काल दुपारी कॉलेजात खुर्चीतच माझा डोळा लागला. स्वप्नात आपला जुना वॉर्ड पाण्याखाली होता. खाटा संथ तरंगत होत्या, पडदे शेवाळासारखे हलत होते. सगळे बोलत होते, ओठ हलताना दिसत होते, पण कुणाचा आवाज कुणापर्यंत जात नव्हता. तू पार टोकाला उभा होतास, हातमोजे घालून. मी तुला हाक मारली, तर तोंडातून 'दादा' नाही, 'सर' निघालं. जागी झाले तेव्हा समोरच्या भिंतीवर उन्हाचा तुकडा थरथरत होता, आणि मला बराच वेळ कळेना की मी वर आहे की खाली.

स्वप्न पडलं त्यालाही कारण आहे. आमच्या प्राचार्यांनी मला नव्या कामाला जुंपलंय. डॉक्टरकीची, नर्सिंगची, फार्मसीची आणि फिजिओथेरपीची मुलं दर गुरुवारी एकत्र बसणार. एकमेकांकडून शिकायचं, एकमेकांबरोबर काम करायचं. "हे तुम्हीच शिकवा," म्हणाल्या. मी म्हटलं, "मला कुठं येतं?" त्या हसल्या. त्यांना वाटलं विनय.

वर्गासाठी रुग्णालयाची जुनी धुलाईखोली दिली आहे. खिडक्या उंचावर, सकाळी धुकं काचेला चिकटलेलं असतं आणि आत सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मधोमध खाटेवर सरावाचा पुतळा. त्याला श्वास आहे, नाडी आहे, घरघर आहे. आधीपासून तिथं सराव करणाऱ्या मुलांनी त्याचं नाव 'मामा' ठेवलंय. मामा आठवड्यातून तीनदा मरतो आणि सोमवारी पुन्हा ताजातवाना.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. मी तुला सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस, एवढंच जगाला माहीत आहे. ते तसंच राहू दे.

तुझी,
चिंगी

३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

पहिल्या गुरुवारी मुलं बसली ती तेल आणि पाण्यासारखी. पुढचे दोन बाक डॉक्टरकीचे, मागे नर्सिंगच्या मुली, फार्मसीवाले भिंतीला, फिजिओथेरपीवाल्या दाराजवळ. कधी एकदा सुटतो असं सगळ्यांच्या तोंडावर. मी मामाची नाडी वाढवली. डॉक्टरकीची पोरं धावली, नर्सिंगच्या मुली त्यांच्या मागे हात बांधून उभ्या राहिल्या, फार्मसीवाल्यानं लांबूनच औषधाचं नाव सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. चार मिनिटांत मामा गेला. मग प्रत्येकजण म्हणाला, "मी माझं काम केलं होतं."

तेव्हापासून मी त्यांची कामं बदलते. एक उंच मुलगा आहे, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला. त्याला सगळे 'मनोरा' म्हणतात. हुशार आहे, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. त्याला मी एका आजोबांना भरवायला बसवलं. तासाभरानं आला तो सदऱ्यावर पेजेचे डाग घेऊन. "मॅडम, ते गिळतच नाहीत! सगळं गालात साठवतात. तीन दिवस मी कागदावर 'आहार ठीक' लिहितोय." त्याचा चेहरा बघून मला तू आठवलास. पहिल्या वर्षाला असताना मेलेल्या बेडकाची माफी मागत होतास, तो तू.

नर्सिंगची एक मुलगी आहे. ती बोलतच नाही, म्हणून चिडवायला तिचं नाव 'मैना'. तिची नजर मात्र घारीची. उशीची घडी उलटी पडलेली तिला खोलीच्या या टोकावरून दिसते. दिसलं की वहीत लिहिते, आणि पेनाला टोपण लावते. ते टोपण लागल्याचा 'टक' आवाज मला सहन होत नाही. का, ते विचारू नकोस.

कधीकधी वर्ग सुटल्यावर मी मामाजवळ बसून राहते. धुकं विरलेलं असतं, उन्हात धूळ फिरत असते. मामाची छाती वर-खाली होते आणि वाटतं, हा आता डोळे उघडेल आणि चित्रकलेच्या मास्तरांच्या आवाजात म्हणेल, "सिस्टर, तो पंखा वाकडा बसवलाय हो. माझ्या डोळ्यांना त्रास होतो."

मास्तर रोज तेच म्हणायचे, आठवतं? खुबा मोडून आले होते. ऑपरेशन तूच केलंस, आणि छान केलंस. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

चिंगी

२० फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता नाही फाडणार.

गेल्या गुरुवारी मुलांना खऱ्या वॉर्डात नेलं. तिथं एक आजी आहेत, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. खाटेजवळ कुणीही थांबलं की खणखणीत आवाजात म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" मोठे डॉक्टरसुद्धा खरोखर सरकतात. त्या दिवशी चौघं मुलं खाटेभोवती उभी राहिली आणि आजी काहीच बोलल्या नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड.

मैना हळूच म्हणाली, "आज त्या सरका म्हणाल्या नाहीत."

मनोरा कागद चाळत होता. "वय झालंय. झोपू दे ना त्यांना."

मैनेनं वहीत लिहिलं. टोपण लावलं. टक.

दादा, त्या आवाजानं माझ्या पायाखालची फरशी पाण्यासारखी हलली. मी म्हटलं, "काय लिहिलंस? मोठ्यानं वाच." तिनं वही मिटून छातीशी धरली. मी म्हटलं, "वाच गं बाई, तुझ्या पाया पडते." तिनं वाचलं: कालच्यापेक्षा सुस्त, शब्द अडखळतात, कालपासून नवी गोळी. फार्मसीच्या मुलानं आजींची घरून आणलेली पिशवी उघडली. एकच औषध, दोन वेगवेगळ्या नावांनी, एक घरचं आणि एक वॉर्डातलं. दुप्पट जात होतं. मनोरा एका शब्दानं वाद न घालता वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलवायला धावला. गोळी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढे सरका."

पण त्याआधी, गुरुवारीच, वर्गात परतल्यावर मी मुलांना मास्तरांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगत आले तशीच. ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. दुपारी दोनला फिजिओथेरपीच्या ताईंनी मास्तरांची पोटरी टेपनं मोजली, डावी उजवीपेक्षा तीन सेंटीमीटर जास्त. त्यांनी मला सांगितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. रक्त गोठू नये म्हणूनचं इंजेक्शन आदल्या दिवशी औषधालयात संपलेलं होतं. तिथल्या काकांनी चिठ्ठीवर 'शिल्लक नाही' लिहून ती परत पाठवली आणि ती कुठल्या तरी कागदांखाली गेली. मी नोंद केली आणि डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. पावणेपाचला मास्तर उठून बसले, 'दम लागतोय' म्हणाले, आणि गेले. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली होती.

आणि मैनेनं, जी कधी बोलत नाही तिनं, विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगितलंत तेव्हा डॉक्टर काय म्हणाले?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, चौकशी समितीनंसुद्धा नाही. म्हणून मी ते वाक्य कधी रचलंच नव्हतं.

"काहीच म्हणाले नाहीत," मी म्हटलं. "कारण मी सांगितलंच नाही."

आता तुलाही सांगते, म्हणजे तुला माहीत असलेलंच सांगते. मी नोंदवहीत लिहिलं, 'डाव्या पोटरीला सूज', पेनाला टोपण लावलं आणि चहा प्यायला गेले. तू दोन खोल्या पलीकडे होतास. सतरा पावलं. मी आले नाही, कारण आदल्या दिवशी सगळ्या वॉर्डासमोर तू म्हणाला होतास, "सिस्टर, रोगाचं निदान माझ्यावर सोडा. तुम्ही ताप लिहा." अख्ख्या रुग्णालयात मला खरंखुरं सिस्टर म्हणायचा हक्क एकट्या तुझा होता, आणि तूच तो शब्द इतक्या परकेपणानं वापरलास. मी मनात म्हटलं, बरं तर. नोंद वाचेल त्याची तो.

समितीपुढे माझी पाळी आधी आली. "तोंडी सांगितलं होतं," मी म्हणाले. तुला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि म्हणालास, "सांगितलं असेल." मग राजीनामा दिलास आणि डोंगरापलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात निघून गेलास. धाकट्या बहिणीचं खोटं तू अंगावर घेतलंस. तेव्हापासून मी तुझ्यासमोर तोंड वर करू शकले नाही. लोकांना वाटलं, मी रागावले आहे.

चिंगी

१४ मार्च

दादा,

मी प्राचार्यांकडे लेखी दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अकरा वर्षांनी? कशासाठी? कुणी मागितलंय का?"

"एका मुलीनं प्रश्न विचारला," मी म्हटलं.

"असे प्रश्न विचारायला शिकवायला तर तुम्हाला नेमलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसावं की रडावं कळेना. कागद रुग्णालयाकडे गेला आहे. निर्णय होईपर्यंत माझा वर्ग बंद. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच तू नळ एवढा मोठा सोडतेस."

सध्या दिवस कापसासारखे जातात, हाताला लागत नाहीत. काल मी सवयीनं धुलाईखोलीकडे गेले. दाराच्या फटीतून बघितलं तर मुलं आत. वर्ग नाही, हजेरी नाही, तरी वीसेक जणं मामाभोवती. मनोरा खाटेची चादर घालत होता, कोपरा चुकीचा दुमडत होता, आणि मैना चक्क त्याला रागावत होती! मी आत गेले नाही. बाहेरच्या पायरीवर बसले आणि तिचा आवाज ऐकत राहिले. कानाला गोड लागत होता.

उत्तर नको लिहूस हवं तर. मी वाट बघत नाही. (बघते.)

चिंगी

२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि जिन्यातच बसून वाचलं. मग पुन्हा. तुझीच वाक्यं तुला परत लिहिते, कारण खरंच तू ती लिहिलीस यावर माझा विश्वास बसत नाही.

'चिंगे, तुझी नोंद मी वाचली होती. सव्वातीनला. साडेतीनला पुढचं ऑपरेशन होतं. वाचली, पान उलटलं, आल्यावर बघू म्हटलं. समितीत तू 'सांगितलं' म्हणालीस तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. मला कळलं होतं, एवढंच मला माहीत होतं. कसं कळलं ते आठवून बघायचं धैर्य झालं नाही. तुझ्यासाठी मी काहीही अंगावर घेतलं नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस ते मास्तरांमुळे, असंच मी धरून चाललो होतो.'

पहिल्यांदा मला काय झालं असेल? राग आला! अस्सा राग आला की जिन्यातली कुंडी लाथेनं पाडावी. अकरा वर्षं मी तुला देव्हाऱ्यात बसवलं, रोज मनातल्या मनात तुझ्यापुढे नाक घासलं, आणि तू आपला साधा माणूस निघालास, घाईतला, थकलेला. मग वाटलं, तूही तिकडे मला अशीच न्यायाधीश करून बसवली असशील. आपण दोघं भाऊ-बहीण, एका ताटात जेवलेले, आणि एकमेकांना एवढंसुद्धा विचारलं नाही, की काय झालं रे? काय झालं गं?

मग मी रडले. शेजारीण वर जाताना थांबली, "वाईट बातमी का हो?" मी म्हटलं, "भावाचं पत्र आलंय." ती म्हणाली, "मग रडता कशाला?" आणि स्वतःच डोळे पुसत वर गेली.

निर्णय कळला. फाईल दुरुस्त होईल, मला लेखी ताकीद, पुढच्या वर्षीची बढती रद्द. वर्ग मात्र माझ्याकडेच ठेवला. प्राचार्या म्हणाल्या, "आता तुम्हाला येतं."

फाईल दुरुस्त होईल, पण मास्तरांच्या मुलीला फाईल कुठं दिसणार? तिला आपण सांगायला हवं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं तसबिरींना चौकटी करायचं दुकान आहे. मी एकदा दारापर्यंत जाऊन परत आले. एकटीनं गेले तर मी पुन्हा काहीतरी वगळीन, माझा मला भरवसा नाही. तू ये. सतरा पावलांऐवजी सात तासांचा प्रवास आहे, पण ये.

चिंगी

२५ एप्रिल

दादा,

तू सुखरूप पोचलास हे आईकडून कळलं. (आता ती माझ्यासमोर बोलते. नळ बंद.) शनिवारी तू बसमध्ये बसल्यानंतर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहायला बसले.

दुकानात काय झालं ते तू पाहिलंसच. तू सांगत होतास, मी सांगत होते, आणि ती मान खाली घालून काच पुसत होती, एकच काच, पुन्हा पुन्हा. चिडली नाही, 'बसा' म्हणाली नाही. शेवटी फक्त, "बरं. ऐकलं." तू बाहेर आल्यावर म्हणालास, "हे आपल्या लायकीचंच झालं." मला वाटलं, खरं आहे.

तुझी बस वळली आणि मी थांब्यावरच टेकले. संध्याकाळचं ऊन पिवळं होऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं, माणसं त्यातून पोहल्यासारखी जात होती. त्यातून ती येताना दिसली. धावत. हाताला सरस लागलेला, पुसायचंही भान नव्हतं. शेजारी येऊन बसली. धाप ओसरू दिली.

"मला पण दिसला होता," ती म्हणाली.

"काय?"

"बाबांचा पाय. त्या दिवशी दुपारी त्यांना गार वाटत होतं, म्हणून मी मोजे घालत होते. डावा चढेना. टाचेपर्यंत गेला आणि अडकला. मी म्हटलं, बाबा, पाय सुजलाय का हो? ते म्हणाले, मोजा आटला असेल. मी हसले. मला वाटलं, इथं एवढी माणसं आहेत, डॉक्टर आहेत, नर्स आहेत, कुणाला तरी माहीत असेलच." तिनं हातावरचा वाळलेला सरस नखानं सोलायला सुरुवात केली. "हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नाही. तुम्हा दोघांना शिव्या दिल्या मनातल्या मनात, खूप दिल्या. त्या देताना बरं वाटायचं."

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अहो, तुमचा काय दोष!' पण मला कुणी असं म्हणालं असतं तर मी उठून गेले असते. दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरी आली तेव्हा ती म्हणाली, "मघाशी तुम्ही सांगितलंत त्या एकत्र वर्गात पेशंटच्या घरचं कुणी असतं का?"

"नाही."

"मग एकत्र म्हणजे कोण कोण?"

दादा, चार महिने मी चार कॉलेजं एका खोलीत बसवली, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

काल ती आली. मुलांनी तिला मधल्या बाकावर जागा दिली. मामाकडे ती पहिल्यांदा जरा घाबरून बघत होती. मग उभी राहिली आणि मोज्याचं सगळं सांगितलं, आवाज न हलवता. खिडकीतून ऊन उतरत होतं. मनोरा उठला. एवढा उंच मुलगा, पण खांदे पाडून उभा होता.

"ताई, सांगायचं ठरवलं असतं," त्यानं विचारलं, "तर त्या दिवशी तुम्ही कुणाला सांगितलं असतं?"

तिनं विचार केला. खरोखरच, तो वॉर्ड, ती दुपार डोळ्यांसमोर आणून, कोण कोण खाटेजवळून गेलं ते आठवत तिनं विचार केला. मग म्हणाली,

"जो थांबला असता, त्याला."

तुझी,
चिंगी